खारू आणि तिच्या बापाची झोप

माझा धाकटा भाऊ लाकडाला पॉलिश करतो. असं करतो की जुनं टेबल न्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी त्यात बघून स्वतःचे केस नीट करतं आणि मग टेबलाकडे बघतं. आमच्या कारखान्यात मोडकंतोडकं फर्निचर येतं. सुतार ते सांधतात, मी कोचांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या भरते नि शिवते, आणि सगळ्यांचं काम आटोपलं की वस्तू धाकट्याकडे जाते. मालक त्याला 'शेवटचा माणूस' म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, पण मला ते ऐकायला कधी आवडलं नाही, आणि तसं मी मालकांना तोंडावर सांगितलंही आहे. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असू दे, नाक माझं आहे.

त्याचं काम बघायला सोपं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ कापडात गुंडाळायचा, त्याला जरासं पॉलिश पाजायचं आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात सुकला की दुसरा, दुसरा सुकला की तिसरा, असे चाळीस-पन्नास हात. घाईचा माणूस जाड हात मारतो आणि महिन्याभरात त्याची सालपटं निघतात. "हात पातळ पाहिजे," धाकटा सांगतो. "लाकडाने पिऊन टाकलं पाहिजे. वर काही दिसता कामा नये." आणि दुसरा नियम, बोळा ओल्या पॉलिशवर कधी थांबवायचा नाही. क्षणभर थांबला तरी चिकटतो, आणि उचलला की खालचे सगळे हात घेऊन वर येतो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या भावाने आपल्या पोरीच्या अंगालाही असंच पॉलिश केलं. आठ वर्षं केलं. आणि त्यात माझाही हात आहे.

पोरगी त्याची एकुलती एक. तिचं नाव खारू, खारुताईवरून, आणि ते मीच ठेवलं. रांगायच्याही आधीपासून तिचे हात स्वस्थ नसत, सारखं काहीतरी चाललेलं. आम्हाला वाटायचं, काय चपळ लेकरू आहे! मग गालांवर लाली आली, मग कोपरांच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. कातडी कोरडी पडायची, चिरायची, त्यातून पाणी यायचं. डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून सांगितलं तेव्हा कळलं की ती चपळाई म्हणजे खाज होती. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

डॉक्टरांनी मलम दिलं. आणि मी मोठी शहाणी. आमच्याकडे खुर्ची शिवायला आलेल्या एका बाईने मला सांगितलं होतं की या असल्या मलमांनी कातडी पातळ होते, कागदासारखी. ते मी घरी येऊन धाकट्याला सांगितलं, तेही साधं नाही, चांगलं डोळे मोठे करून. "जपून लाव बाबा. आयुष्यभर त्याच कातडीत राहायचंय पोरीला." त्याने मान हलवली. पातळ हात त्याला शिकवावा लागणार होता थोडाच?

घरची व्यवस्था अशी. माझी भावजय बेकरीत कामाला, पहाटे चारला भट्टीपाशी हजर असावं लागतं. एकदा झोपेच्या तारेत तिने तापल्या पत्र्याला उघडा हात लावला होता, त्याचा डाग अजून मनगटावर आहे. तेव्हापासून ठरलं, ती आठला आतल्या खोलीत झोपायची आणि रात्र धाकट्याने सांभाळायची. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर एकटी राहते. वरच्या लाकडी पलंगाची कुरकुर मला माझ्या उशीवर ऐकू यायची.

दिवसभर खारूची खाज खेळण्यात, भांडण्यात हरवून जायची. दिवा मालवला की अंगभर जागी व्हायची. मी तिला मऊ अस्तराचे हातमोजे शिवून दिले, ते तिने दातांनी ओढून काढले. नाडी लावून दिले, तर नाडी सोडायला शिकली. शेवटी धाकटा तिच्या शेजारी पडून तिची दोन्ही मनगटं आपल्या मुठीत धरायचा. तिला जाग यायची, ती हात सोडवायला झटापट करायची, रडायची, तो हळू आवाजात काहीबाही बोलत राहायचा. कधी त्याला डुलकी लागली की तेवढ्यात पोरगी ओरबाडून मोकळी. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे, आणि धाकटा ते आपल्या बायकोला दिसायच्या आत धुऊन टाकायचा. एवढी वर्षं हे चाललं. मी दर सकाळी त्याला कारखान्यात जांभया देताना बघायची आणि हसून म्हणायची, "काय रे, चोऱ्या करायला जातोस की काय रात्री?" आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा खारू दुसरीत होती. भावजय कामावरून येऊन नुकती आडवी झाली होती, म्हणून धाकट्याबरोबर मी गेले. वर्गाच्या बाई तरुण होत्या, त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. त्यांनी खारूची वही आमच्यापुढे ठेवली. पहिली ओळ बरी, दुसरी वाकडी, तिसरी पानाच्या कडेला जाऊन संपलेली.

"लक्ष नसतं तिचं," बाई म्हणाल्या. "सारखी चुळबुळ. शेजारच्या मुलीशी भांडते. आणि गोष्टीचा तास आला की सरळ डोकं टेकून झोपते. तीन महिने आहेत परीक्षेला. तोवर सलग एक पान वाचता आलं नाही, तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल. सोबतच्या मुली पुढे जातील."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, मुलगी हुशार आहे आमची. तुम्हाला शिकवता येत नसेल तर तसं सांगा."

बाईंना राग आला नाही. त्यांनी धाकट्याकडे बघून विचारलं, "रात्री झोपते का हो ती?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. कातडीबद्दल सगळे विचारायचे. काय लावता, काय खायला घालता, कुठल्या साबणाने धुता. धाकटा वहीकडे बघत म्हणाला, "नाही. आम्ही कोणीच झोपत नाही."

त्याच आठवड्यात टेबलाचं झालं. बारा माणसांचं जेवणाचं टेबल, महिनाभराचं काम, शेवटचे दोन हात बाकी. मी माझ्या कोपऱ्यात स्प्रिंगा बांधत होते. बोळ्याच्या कापडाचा असा एक आवाज असतो, सुस्स सुस्स, तो दिवसभर कानावर असतो म्हणून ऐकूच येत नाही. तो थांबला ते मात्र ऐकू आलं. वळून बघते तो धाकटा टेबलावर वाकलेला, डोळे मिटलेले, हात जागच्या जागी. उभ्या उभ्या झोपला होता. मी हाक मारली, तो दचकला, बोळा उचलला, आणि टेबलाच्या बरोबर मध्ये तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी ते उघडं लाकूड बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "काही दिवस तू घासकामाला जा. पॉलिश पेपर मार. पॉलिशला मी दुसरा बघतो." बावीस वर्षं पॉलिश करणाऱ्या कारागिराला पॉलिश पेपर मारायला बसवणं म्हणजे हेडमास्तरला घंटा वाजवायला बसवणं. धाकट्याने बोळा धुतला, डब्यात ठेवला आणि घासायला बसला. संध्याकाळी घरी हे बोलणं निघालं तेव्हा भावजय रडली, मी मालकांना चार शिव्या घातल्या. खारू तिथेच वही उघडून बसली होती. मुलांना कान नसतात असं आपण का समजतो कुणास ठाऊक.

त्यानंतर आम्ही तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरांनी तपासलं, लिहून दिलं आणि आम्हाला शेजारच्या खोलीत नर्सकडे पाठवलं. पोक्त बाई, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. त्यांनी आमची ट्यूब हातात घेतली. "ही कधी घेतलेली?"

"आठ महिने झाले," धाकटा अभिमानाने म्हणाला. "अजून अर्धी आहे."

नर्सबाईंनी ट्यूब टेबलावर ठेवली. "लावून दाखवा."

त्याने हात धुतले. तांदळाच्या दाण्याएवढं मलम बोटावर घेतलं आणि खारूच्या कोपराच्या घडीत लावलं. मग घासलं. गोल गोल, दाबून, एकसारखं. खारूने ओठ आवळून धरले, ती या वेळी नेहमी असेच धरायची. मलम दिसेनासं झालं तरी तो घासत होता. शेवटी त्याने तिचा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला, मान खाली घातली आणि तिच्या कातडीवरून तिरकी नजर टाकली. टेबलावर ओरखडा राहिलाय का ते बघतो, अगदी तशी.

"तुम्ही काम काय करता?" नर्सबाईंनी विचारलं.

"पॉलिशचं."

"वाटलंच." त्या उठल्या, खारूजवळ आल्या. "हे लाकूड नाही हो. घासायचं नाही. घासलं की ती जागा आणखी चवताळते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची, एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला. अलगद पसरायचं. आणि हे दुसरं, नुसतं चिकट मलम, ते भरपूर. चकचकीत वर दिसलं पाहिजे."

"वर दिसलं पाहिजे?" धाकट्याला कोणी शिवी दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग हळूच म्हणाला, "पण कातडी पातळ होते म्हणतात." म्हणतात, असं म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं आणि तेवढेच दिवस लावा, बाकीची काळजी आमच्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही जे लावलंत ते न लावल्यासारखंच. पोरीने उगीच सोसलं."

बोलायची वेळ तीच होती. 'हे मी सांगितलं होतं' एवढं एक वाक्य. मी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत बसले. एरवी माझी जीभ कुठे थांबत नाही.

निघताना नर्सबाई म्हणाल्या, "कातडी महिन्याभरात सुधारेल. झोपेचं मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं रात्री उठायची सवय लागलीय, खाज गेली तरी जाग येऊ शकते. आली तर पुन्हा या." आम्ही फक्त पहिलं वाक्य ऐकलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

आणि कातडी खरंच सुधारली. धाकटा संध्याकाळी मलमाची रेघ मोजून काढायचा, पसरायचा, आणि घासायला शिवशिवणारं बोट मुद्दाम मागे घ्यायचा. तीन आठवड्यांत कोपराच्या घडीतली लाली फिकी झाली. मानेवरच्या चिरा मिटल्या. चादरी पांढऱ्या राहू लागल्या. आणि वरचा पलंग कुरकुरेनासा झाला. पहिल्या रात्री ती शांतता ऐकून मीच घाबरून उठून बसले होते. सकाळी जिन्यात धाकट्याला गाठलं.

"झोपली?"

"हललीसुद्धा नाही," तो म्हणाला. "नऊला जी पडली ती सकाळी उठली."

भावजयीने बेकरीतून मोठा केक आणला. मी तीन तुकडे खाल्ले. खारूनेही खाल्ला, आणि सगळे तिच्याकडे बघत होते म्हणून ती हसली. धाकट्याचे डोळे अजून लाल असायचे. मी म्हटलं, घासकामाची धूळ जाते डोळ्यांत, चष्मा लावत जा. तो "हो" म्हणाला.

पण परीक्षेला तीन आठवडे उरले असताना पुन्हा चिठ्ठी आली. खारू आता गोष्टीच्या तासालाच नाही, गणितालाही झोपते. मी तरातरा शाळेत गेले आणि बाईंना सांगितलं की तुमची काहीतरी चूक होतेय, मुलगी रात्रभर गाढ झोपते, बापाने स्वतः बघितलंय. बाई म्हणाल्या, "मीही स्वतःच बघितलंय." मी पाय आपटत घरी आले.

मग एकदा मालकांनी धाकट्याला दुसऱ्या गावी एका गिऱ्हाइकाकडे दारं घासायला नेलं. मुक्काम करावा लागणार होता. रात्रीला खारूजवळ मी गेले. मलम मी लावलं, धाकट्याने जाताना चारदा बजावल्याप्रमाणे. दिवा मालवला. ती कुशीवर वळली, डोळे मिटले आणि गप्प झाली.

मी तिच्याकडे तोंड करून पडले. थोडा वेळ बरं वाटलं. मग काहीतरी खटकायला लागलं. झोपलेलं मूल ढिलं पडतं. तोंड उघडतं, पाय कुठेतरी टाकतं, अंगावर येतं. ही पोरगी नव्या शिवलेल्या गादीसारखी ताठ होती. तिने दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले होते. मी डोळे मिटले आणि घोरायला लागले. माझं घोरणं खालच्या रस्त्यापर्यंत जातं म्हणतात, त्यामुळे नक्कल करायला जड गेलं नाही.

जरा वेळाने तिने हात बाहेर काढले. उठून बसली. एक मोठा सुस्कारा सोडला, दिवसभराचं काम उरकलेली बाई सोडते तसा. मग खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकून बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काय होतं? एक दिवा आणि बंद दुकानाचं शटर. मला राहवेना.

"खारू."

ती इतकी दचकली की तिचं डोकं चौकटीवर आपटलं. "मी आत्ताच उठले!"

"खोटं."

ती डोकं चोळायला लागली. मी म्हटलं, "खाजतंय का गं?"

"नाही. आधी खाजायचं म्हणून जाग यायची. आता खाजत नाही तरी येते. आणि मग झोपच येत नाही, आत्या. मी खूप प्रयत्न करते."

"मग बाबाला का नाही उठवत?"

"बाबांचा बोळा चिकटला ना टेबलाला." ती इतकं हळू बोलली की मला पुढे सरकावं लागलं. "माझ्यामुळे. मी उठले की ते उठतात. म्हणून मी झोपल्यासारखी पडून राहते. हलायचं नाही, श्वास असा मोठा मोठा घ्यायचा. मग ते झोपतात. त्यांचाही श्वास मोठा मोठा येतो. तू सांगू नकोस हं त्यांना."

 आठ वर्षांचं पोर, आणि त्याला रात्रभर बापाची राखण! मी तिला जवळ ओढलं आणि "नाही सांगत" म्हटलं. दुसऱ्या दिवशी धाकटा परत आल्या आल्या सांगितलं. असली वचनं मोडण्यासाठीच असतात.

तो कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून हात धूत होता. मी सगळं सांगितलं, आणि एकदाचं तेही सांगून टाकलं. "कातडी पातळ होते ते मीच तुझ्या डोक्यात भरवलं होतं. नर्ससमोर माझं तोंड उघडलं नाही. पोरीचं हे सगळं माझ्यामुळे झालं."

त्याने साबण तसाच हातांवर राहू दिला. मग म्हणाला, "मलम जाड लाव म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं का, ताई? मला पातळ आवडतं म्हणून पटलं." आणि मग, "मीही जागाच असतो."

"म्हणजे?"

"सवय झालीय. झोपच लागत नाही. ती इतकी शांत पडलेली असते, वाटतं आपण हललो तर तिची झोप मोडेल. म्हणून श्वास जरा मोठा घेतो, तिला वाटावं बाबा झोपलाय."

दोघांच्या एकेक कानाखाली ठेवून द्यावी असं मला वाटलं. दीड महिना! बाप आणि लेक एका पलंगावर शेजारी शेजारी, एकमेकांना झोपवण्यासाठी रात्रभर जागे, आणि खाली मी केक पचवत सुखाने घोरतेय. मी हसायला लागले आणि ते हसू मधेच रडण्यात गेलं. धाकटा रडला नाही. त्याने हात पुन्हा धुतले.

नर्सबाईंकडे पुन्हा गेलो. त्यांनी झोपेच्या डॉक्टरांचं नाव दिलं, रोज एकाच वेळी निजायचं-उठायचं सांगितलं, आणि म्हणाल्या, वेळ लागेल. धाकट्याने खारूशी करार केला. सोंग बंद. ज्याला जाग येईल त्याने दुसऱ्याला उठवायचं, मग दोघांनी बसून पाणी प्यायचं, बोलायचं, परत पडायचं. खारूने मान डोलावली. आणि रोज सकाळी सांगायची, "झोपले होते मी." चांगलं हसून सांगायची. शाळेत डोकं टेकायची ते टेकायचीच. करार एकट्या धाकट्यानेच पाळला. तो तिला उठवून सांगायचा, मी जागा आहे. ती त्यालाच थोपटायची.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी तिला आणायला मी गेले. पोरी किलबिलत बाहेर पडत होत्या. खारू शेवटून दुसरी, हातात पाकीट. मी फाटकापाशीच उघडलं. वाचन अपुरं, विद्यार्थिनी याच वर्गात राहील. खाली बाईंची सही आणि शिक्का.

मी पिशवी खांद्यावर चढवली आणि शाळेच्या दाराकडे वळले. बाईंना सांगायचं बरंच काही माझ्याजवळ तयार होतं. खारूने माझी बाही धरली.

"आत्या, बाबांना आज नको सांगूस."

"का गं?"

"त्यांना झोप यायची नाही." तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. "त्यांनी विचारलं तर मी सांगेन, बाई अजून पेपर तपासतायत. मग सुट्टी लागेल. मग ते विसरतील. तू ते पाकीट तुझ्याकडे ठेव."

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःच्या वर्गाचं, पुढे गेलेल्या मैत्रिणींचं, कशाचंच तिने काही म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी हो म्हणते का ते. मी तिचा हात धरला आणि तिला तशीच कारखान्यात घेऊन गेले. वाटभर ती मागे ओढत होती.

धाकटा कपाटाचं दार घासत होता. भुवयांपर्यंत धूळ. "दे," मी खारूला म्हटलं. तिने पाकीट पुढे केलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.  मला वाटलं, आता हा हसून म्हणेल, हात्तिच्या, एवढंच ना, काही नाही होत. कुठलाही बाप तेच म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं.

"मला वाईट वाटलं," तो म्हणाला. "फार वाईट वाटलं, खारू. आज रात्री मला झोप यायची नाही."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. "बघ, मी तुला सांगितलं. सांगून मला काही झालं का? आता तू सांग."

खारूने त्याचा धुळीचा शर्ट धरला. "सगळ्या पुढे गेल्या," ती म्हणाली, आणि मग जी रडायला लागली! मोठ्याने, गळा काढून, सुतारांनी करवती थांबवल्या एवढ्या मोठ्याने. कितीतरी महिन्यांत ती अशी रडली नव्हती. धाकट्याने तिला तसंच धुळीसकट धरून ठेवलं. गप्प हो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशिरा कामावर आला. डोळे लाल, शर्टाची बटणं चुकलेली. मी सुई बाजूला ठेवली. "काय झालं? झोपली का?"

"कुठली झोपतेय. दोनदा उठली." आणि मग त्याचा चेहरा सगळा फुलला. "दोन्ही वेळा मला उठवलं तिने, ताई. पहिल्यांदा मी जागाच होतो, पण दुसऱ्या वेळी मी खरंच गाढ झोपलो होतो. तरी उठवलं. चांगलं गदागदा हलवून उठवलं!" आणि पोरगी वर्गात पहिली आली असावी अशा थाटात तो ते सुतारांना सांगायला गेला.